शहराच्या वहीत बाई कुठे आहे?

(शहरी वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय असा आहे : 'खुली माहिती आणि नागरिकांचा सहभाग यांतून शहर स्मार्ट कसं होईल?' हा कॉम्प्युटरवाल्यांचा विषय, आपला नव्हे, असं तुमच्यापैकी अनेकींना वाटलं असणार. त्यातून सरकारी मराठीत डेटाला आता 'विदा' म्हणतात. आमच्या वस्तीत हा शब्द वापरला तर बाया विचारतील, कुणाला विदा करताय? आणि तसं विचारलं तर त्या फारशा चुकणार नाहीत. शहराच्या माहितीतून आजवर ज्यांना निरोप दिला गेला, त्यांत पहिला नंबर आपलाच आहे.

मी आज एकच गोष्ट सांगायला उभी आहे. महापालिका जे मोजते त्यावर पैसा खर्च करते. जे मोजत नाही त्यावर आठ मार्चला भाषणं होतात. म्हणून काय मोजायचं, कुणी मोजायचं आणि मोजलेलं कुणाच्या हातात राहायचं, हा सरळ सरळ सत्तेचा प्रश्न आहे.

आधी स्मार्ट सिटीचं बोलून घेऊ. २५ जून २०१५ रोजी केंद्र सरकारने हे अभियान सुरू केलं. १०० शहरं निवडली गेली, त्यांत आपल्या राज्यातली आठ : पुणे, सोलापूर, नागपूर, नाशिक, ठाणे, कल्याण-डोंबिवली, पिंपरी-चिंचवड आणि तेव्हाचं औरंगाबाद. प्रत्येक शहरात कंपनी कायद्याखाली एक वेगळी कंपनी काढली गेली. नगरसेविकेला आपण नळावर गाठून जाब विचारू शकतो. कंपनीच्या संचालकांना कुठे गाठायचं? ३१ मार्च २०२५ ला अभियान संपलं. मागे राहिल्या त्या कंट्रोल रूम, भिंतभर पडदे लावलेल्या. त्या पडद्यांवर चौकातले सिग्नल दिसतात, कचऱ्याच्या गाड्या दिसतात. हे सगळं वाईट आहे असं मी म्हणत नाही. पाणी किती वाजता सुटणार हे आदल्या दिवशी नक्की कळलं, तर रात्री दोनला उठून नळापाशी बसणाऱ्या बाईची झोप वाचेल. पण रात्री दहानंतर संडासाच्या बायकांच्या बाजूला कुलूप लागतं, हे त्या पडद्यावर दिसत नाही. कारण ते कुणी त्यात घातलेलंच नाही.

हे कुलूप मी उगाच उदाहरणादाखल घेतलेलं नाही. आम्ही काम करतो त्या शहरातल्या एका वस्तीतली ही गोष्ट आहे. वस्तीचं नाव सांगत नाही, त्याचं कारण पुढे येईल. पालिकेच्या यादीत तिथे सार्वजनिक संडासाच्या २४ सीट, पैकी १२ बायकांच्या. आमच्या गटातल्या पाचजणींनी आठवडाभर पाळ्या लावून मोजणी केली. पहाटे पाच, दुपारी दोन आणि रात्री दहा, अशा तीन वेळा. एक वही, एक बॅटरी आणि रेघा मारायला पेन्सिल, एवढंच सामान. १२ पैकी दोन तुंबलेल्या. तिघींना आतून कडी नाही, म्हणजे एकीने आत जायचं आणि दुसरीने बाहेरून दार धरायचं. एका सीटमध्ये केअरटेकरच्या झाडू-बादल्या आणि ब्लीचिंग पावडरचं पोतं. उरल्या सहा. आणि रात्री दहाला शून्य, कारण केअरटेकर नऊला कुलूप घालून घरी जायचा. पुरुषांची बाजू रात्रभर उघडी. का, तर तिथे दारच निखळलेलं होतं!

आता गंमत बघा, यादीत खोटं काहीही नव्हतं. सीट १२ होत्याच. स्वच्छ भारत अभियानाचा निकष सामुदायिक शौचालयात २५ बायकांमागे एक सीट असा आहे. त्या हिशेबात १२ हा आकडा भरतो, रात्रीचा शून्य कुठल्याच रकान्यात बसत नाही. यादी करणाऱ्याने 'सीट किती' एवढंच विचारलं. कडी लागते का, आत दिवा आहे का, कपडा कुठे टाकायचा, किल्ली कुणाकडे असते, हे त्याला सुचलं नाही. सुचण्याचं कारणही नव्हतं.

कागद घेऊन आम्ही विभागीय कार्यालयात गेलो तर साहेब म्हणाले, तुमची मोजणी अधिकृत नाही. मग माहितीच्या अधिकारात ठेकेदाराचा करारनामाच पाहायला मागितला. त्यात संडास चोवीस तास उघडा ठेवायची अट स्पष्ट लिहिलेली होती आणि तेवढ्या तासांचे पैसेही दर महिन्याला निघत होते. करारनाम्याचं ते एक पान आणि आमच्या वहीची सात पानं शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा साहेब गप्प झाले. पंधरा दिवसांत कुलूप निघालं, कड्या बसल्या. तुंबलेल्या दोन सीट मोकळ्या व्हायला पुढे वर्ष गेलं, तो भाग वेगळा.

सरकारची खुली माहिती आणि बायांची स्वतःची मोजणी, या दोन्ही एकमेकींशेजारी ठेवल्या की काम होतं. नुसता करारनामा असता तर तो कागदावर चोखच होता. नुसती आमची वही असती तर ती 'अधिकृत नाही' म्हणून परत आली असती.

हे काही आम्ही शोधून काढलेलं नाही. आपल्या चळवळीत याची परंपरा आहे आणि आजच्या पोरींना ती कुणी सांगत नाही. जुलै १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो हे न्यायालयाने मान्य केलं, पण मुंबईच्या फुटपाथवरची घरं पावसाळ्यानंतर हटवायला पालिकेला मोकळीकही दिली. फुटपाथवर राहणारे लोक कोण, किती, कुठून आले, काय करतात, याची नोंद कुठेच नव्हती. शहराच्या लेखी ते नव्हतेच. तेव्हा 'स्पार्क' संस्थेने भायखळ्याच्या बाजूच्या फुटपाथवासीयांना बरोबर घेऊन त्यांची गणना केली. सुमारे ६,००० कुटुंबं, २७,००० माणसं. अहवालाचं नाव होतं 'वी, द इन्व्हिजिबल', म्हणजे आम्ही न दिसणारे. ही माणसं गावाकडच्या सर्वांत गरीब जिल्ह्यांतून आलेली आहेत आणि कामाला पायी जाता यावं म्हणून फुटपाथवर राहतात, हे त्यातून आकड्यांनिशी पुढे आलं. 'आळशी, उपरे, गुन्हेगार' म्हणणाऱ्यांना पहिल्यांदा हिशेबाने उत्तर मिळालं. पुढच्याच वर्षी त्याच बायांमधून 'महिला मिलन' उभी राहिली. कॉम्प्युटर नव्हता, ॲप नव्हतं. दार नसलेल्या घरांवर नंबर घालत त्या हिंडल्या.

दुसरं उदाहरण पुण्याचं. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणाऱ्या बहुतेक बाया, त्यातही दलित बाया. त्यांच्याकडे शहर घाण म्हणून बघत होतं. पंचायतीने हिशेब मांडला : रोज किती कचरा आम्ही वेचतो, तो पालिकेला उचलावा लागत नाही, त्यामुळे वाहतुकीचा किती खर्च वाचतो. भीक मागायला गेल्या नाहीत, बिल दाखवायला गेल्या. ओळखपत्रं मिळाली, विमा मिळाला, पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि तिच्याशी पालिकेने करार केला. पोत्यातल्या कचऱ्याचं वजन हासुद्धा डेटाच की! त्या करारासाठी दर काही वर्षांनी त्यांना पुन्हा भांडावं लागतं, हेही इथे सांगायला हवं.

आणि 'राइट टू पी'. मुंबईत २०११ मध्ये ही मोहीम सुरू झाली तेव्हा वर्तमानपत्रांनी चेष्टा केली. मुतारीसाठी कसली चळवळ? कार्यकर्त्यांनी शहरातले सार्वजनिक संडास फिरून पाहिले. लघवीला पुरुष फुकट जातो, बाईकडून पैसे घेतले जातात, हे प्रत्येक नाक्यावरच्या बाईला माहीत होतं. ते लिहून काढल्यावर पालिकेला त्यावर बोलावं लागलं. इकडे पुण्यात 'मिळून साऱ्याजणी'ने जनहित याचिका केली. तिच्यावर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये निकाल दिला आणि बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. हा निकाल राज्यातल्या सगळ्या महापालिकांना लागू आहे. तुमच्या शहरात त्यानुसार समिती झाली का, ती शेवटची कधी बसली, एवढं विचारून बघा. अनेक ठिकाणी नुसत्या या प्रश्नानेच फायली हलतात.

आता जरा मोठ्या आकड्यांकडे येते. २०११ च्या जनगणनेत लोक कामाला कसे जातात, पायी, सायकलने, बसने की आणखी कशाने, हे विचारलं होतं. शहरांचे वाहतूक आराखडे करणाऱ्यांना ही सोन्यासारखी माहिती. पण ती कुणाची? शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांची, आणि फक्त घर ते काम एवढ्याच प्रवासाची. जी बाई सकाळी पोराला शाळेत सोडते, तिथून दोन घरची धुणीभांडी उरकते, रेशन बघते, सासूला दवाखान्यात नेते आणि भाजी घेऊन परत येते, तिच्या दिवसाचे सहा तुकडे होतात. त्यातला फार तर एक तुकडा कागदावर येतो. मग रस्ता कुणासाठी रुंद होतो आणि फुटपाथ कुणाचा अरुंद होतो, हे सांगायला मी कशाला हवी?

याच्या उलटही घडलंय आणि ते मला फार आवडतं. दिल्लीत ऑक्टोबर २०१९ मध्ये बायकांना बस मोफत झाली, गुलाबी तिकीट मिळू लागलं. कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेत शून्य रुपयांचं तिकीट. आपल्याकडे एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. 'फुकटात फिरतात' म्हणून यावर खूप विनोद झाले. पण प्रत्येक बाईच्या हातात तिचं म्हणून वेगळं तिकीट आलं, आणि कुठल्या गाडीतून किती बायका प्रवास करतात याची रोजची नोंद सुरू झाली. सवलतीच्या पोटात मोजणी आली! आता ही नोंद मार्गानुसार, वेळेनुसार लोकांसमोर मांडा, अशी मागणी आपण करायला हवी. संध्याकाळी सातनंतर कुठल्या मार्गावर तिकिटं एकदम कमी होतात, ते बघू. तिथे बायका राहत नाहीत म्हणून, की थांब्यावर अंधार आहे म्हणून?

अंधारावरून आठवलं. बायकांनी मिळून अंधारात रस्ता चालायचा आणि कुठे का भीती वाटते ते लिहायचं, या पद्धतीला 'सुरक्षा पाहणी' म्हणतात. १९८९ मध्ये टोरांटोत 'मेट्रॅक' या संस्थेने ती सुरू केली, दिल्लीत 'जागोरी'ने ती आपल्याकडची करून घेतली, आणि २०१३ मध्ये 'सेफ्टीपिन' हे ॲप आलं. त्यात विचारलेले प्रश्न बघण्यासारखे आहेत : दिवा आहे का, फुटपाथ धड आहे का, आजूबाजूच्या खिडक्यांतून कुणाला तुम्ही दिसता का, रस्त्यावर इतर बायका आहेत का. आपल्याकडे सरकारला सुरक्षितता म्हटलं की कॅमेराच आठवतो. कॅमेरा बाईवर नजर ठेवतो; बंद दिव्याखालून तिला चालावं लागतंच. रात्री नऊला कणसं विकणारी बाई नाक्यावर असली तर तो नाका जास्त सुरक्षित, हे कुठल्याही मुलीला विचारा. अतिक्रमणविरोधी पथक पहिलं उचलतं तेही तिलाच.

सहभागाचं काय? पुणे महापालिकेने २००६ मध्ये अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घ्यायला सुरुवात केली. आपल्या भागातलं, साधारण ५ लाखांपर्यंतचं काम अर्ज भरून सुचवता येतं : दिवा, बाक, फुटपाथ, बसथांबा, संडासाची दुरुस्ती. चांगली सोय आहे. पण अर्ज भरतं कोण? ज्याला तारीख कळते, अर्ज मिळतो आणि ज्याच्याकडे दुपार मोकळी असते तो. २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत दिसलं, की बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो. घरकाम करणाऱ्या पुरुषाचा ८८. हात लावणाऱ्या पुरुषांचंच हे, न लावणारे यात धरलेलेच नाहीत! सभा संध्याकाळी सहाला ठेवली, म्हणजे पिठात हात असताना. 'ऑनलाइन मत द्या' म्हटलं, तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ च्या, देशातल्या ३३.३ टक्के बायकांनी आणि ५७.१ टक्के पुरुषांनी कधीतरी इंटरनेट वापरलं होतं. आकडे पुढे वाढले असतील, पण घरात एकच फोन असला तर तो कुणाच्या खिशात असतो हे तुम्हाला ठाऊक आहे. लाखो नागरिकांनी सूचना दिल्या असं पालिका जाहीर करते, तेव्हा त्यांत बाया किती आणि वस्तीतल्या किती, हे लगेच विचारावं.

२००९ मध्ये राज्याच्या कायद्यात शहरांसाठी 'क्षेत्र सभा' आली. गावाला ग्रामसभा तशी मोहल्ल्याला क्षेत्र सभा. तुमच्यापैकी कितीजणी क्षेत्र सभेला बसल्या आहेत? हात वर करा... बघा. २०११ मध्ये पालिकांत आपल्याला निम्म्या जागा मिळाल्या, हे मोठंच यश. पण २०२२ मध्ये मुदती संपल्यावर मोठमोठ्या शहरांत जवळजवळ चार वर्षं निवडणुकाच झाल्या नाहीत. प्रशासक राज्य करत होता. नगरसेवक नसलेल्या शहरात ॲपवर तक्रार नोंदवता येत होती, याला काही मी सहभाग म्हणणार नाही.

हत्यारं कोणती, ते थोडक्यात. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ म्हणतं की बरीचशी माहिती न मागता स्वतःहून जाहीर केली पाहिजे. अर्जाला १० रुपये, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही नाहीत, उत्तराला ३० दिवस. आपल्या राज्यात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर. झेरॉक्सच्या गठ्ठ्यांपेक्षा फाईल बसून पाहायला मागा, कामाची जागा पाहायला मागा, सिमेंटचा नमुनासुद्धा मागता येतो. कलम २ मध्ये हे सगळं लिहिलेलं आहे. पुणे पालिकेने २००९ मध्ये दर सोमवारी दुपारी नागरिकांना फायली पाहू देण्याची पद्धत सुरू केली होती आणि २०१८ मध्ये राज्य सरकारने ती इतर कार्यालयांत न्यायचं ठरवलं. तुमच्याकडे ती चालू आहे का, ते आधी विचारा. एक सावधगिरी : २०२३ च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं खासगी माहितीचं कलम बदललं. 'ही वैयक्तिक माहिती आहे' इतकं म्हणून नकार देणं आता सोपं झालंय. व्यापक जनहिताचं कलम ८(२) मात्र शिल्लक आहे. अर्जातच त्याचा उल्लेख करा.

आता वस्तीचं नाव का सांगितलं नाही ते. उघडी माहिती आपल्याही अंगावर येते. नकाशावर वस्तीची हद्द बारीक रेघेने काढली, की तीच रेघ बिल्डरला दिसते आणि बुलडोझरवाल्यालाही. नवऱ्याचा मार खाऊन वेगळी राहणारी बाई कुठल्या गल्लीत आहे, धंदा करणाऱ्या बाया कुठे उभ्या राहतात, कुणाच्या घरी एचआयव्हीचं औषध येतं, हे 'सर्वेक्षण' म्हणून कुणाच्याही फोनमध्ये जाता कामा नये. ओपन डेटाच्या सभांमध्ये हे म्हटलं की तरुण मुलं कपाळाला आठ्या घालतात. घालू देत. माहिती सरकारची उघडी हवी, बाईची झाकलेली. त्या दोहोंना एकच नियम लावायचं कारण नाही. आमच्या गटात आम्ही ठरवलंय : आकडे घ्यायचे, नावं नाहीत. फोटोत चेहरा नाही. मोजणी आधी वस्तीत वाचून दाखवायची, बायांनी हो म्हटलं तरच कार्यालयात न्यायची. एकदा बायांनी नाही म्हटलं आणि दोन महिन्यांचं काम कपाटात राहिलं. राहू दिलं.

शेवटी तातडीचं काम सांगते. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आपली शहरं अजून २०११ च्या माणसांसाठी पाणी आणि संडास मोजत आहेत. पुढची गणना २०२७ ची आहे. 'काम करता का?' असं विचारल्यावर घरोघरच्या बाया 'नाही, घरीच असते' असं सांगतात. हातात अगरबत्त्या वळत असतात, नाहीतर मणी ओवत असतात, तरी हेच. १९९१ च्या जनगणनेत बायकांच्या संघटनांनी आणि अभ्यासक स्त्रियांनी आग्रह धरला, तेव्हा शेतात किंवा घरच्या धंद्यात केलेलं बिनपगारी कामही धरा, असं प्रश्नातच लिहिलं गेलं. छापलं गेलं तरी गणक ते विचारतोच असं नाही. तेव्हा आपापल्या वस्तीत, गणक यायच्या आधी, बायांना एकत्र बसवून हे प्रश्न वाचा. दारात पुरुष उत्तर देत असेल तर मध्ये बोलायची सवय करा. ज्यांना दुपारच्या गटचर्चेत माहिती अधिकाराचा अर्ज प्रत्यक्ष लिहून बघायचाय त्यांनी कोरे कागद बरोबर ठेवा, आणि आपल्या भागातल्या एका संडासाची, एका बसथांब्याची आणि एका बंद दिव्याची नेमकी जागा आठवून या.